पासिंगला इंजिन नंबर जुळला नाही

प्रश्न: मी नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री आणि भाजीपाला वाहतो, गाडी स्वतःच चालवतो. आठ महिन्यांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०२० ची बोलेरो पिकअप ४ लाख ८० हजारांना घेतली, आरसी माझ्या नावावर झाली. आता पासिंगला निरीक्षक म्हणतात, चॅसिस नंबर बरोबर आहे, पण इंजिन नंबरचे शेवटचे सहा आकडे आरसीशी जुळत नाहीत. गिअरबॉक्सही बदललेला वाटतो. मिस्त्री म्हणतो, ग्राइंडर मारून आरसीवरचा नंबर पंच करून देतो. विक्रेता फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर: मिस्त्रीला इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे नंबर कोरलेल्या मुख्य ओतीव भागाला, हात लावू देऊ नका. आज तुम्ही फसवले गेलेले खरेदीदार आहात. नंबर घासला की त्याच क्षणी तुम्ही आरोपी होता आणि तुमचा सगळ्यात मोठा पुरावाही जातो. शिवाय पंच करताना धातू खोलवर दबतो, त्यामुळे वरचा थर घासला तरी रासायनिक प्रक्रियेने जुने आकडे पुन्हा उमटवता येतात. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत प्रकरण गेलं, तर ती घासाघीस लपणार नाही.

गिअरबॉक्सची काळजी सोडा. आरसीवर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्स, मागचा एक्सल, टर्बो, इंजेक्शन पंप यांचे नंबर नसतात. ते बदलणं ही दुरुस्ती आहे, गुन्हा नाही. पण पुरावा म्हणून त्यांच्या नंबरच्या पट्ट्यांचे फोटो जरूर ठेवा.

इंजिन नंबर नेमका कुठे वाचला, ते आधी पाहा. तो ब्लॉकवरच्या सपाट घासलेल्या जागेवर कोरलेला असतो. सिलिंडर हेडवरचा ओतीव आकडा हा नुसता पार्ट नंबर; हेड बदललं तरी इंजिन नंबर बदलत नाही. ऑइल आणि धूळ डिझेलने पुसा, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नका. आकडे एका ओळीत आहेत का, खोली सारखी आहे का, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग आहे का, हे बघून जवळून फोटो काढा. इंजिनचा प्रकारही तपासा. बोलेरो पिकअपचं डिझेल इंजिन २५२३ सीसी, चार सिलिंडरचं असतं. प्रवासी बोलेरोचं १४९३ सीसी, तीन सिलिंडरचं. इंजेक्टर मोजले की कळतं. आरसीवरच्या सीसीशी इंजिन जुळत नसेल, किंवा बीएस-६ गाडीत बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाचं, इंजिन बसवलेलं असेल, तर आरटीओकडून मंजुरीची आशा धरू नका.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज द्या. सोबत आरसीची प्रत जोडा आणि दोन गोष्टी मागा: या चॅसिसवर कारखान्यातून कोणत्या नंबरचं इंजिन बसलं होतं, आणि आजवरच्या जॉब कार्डांवर, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदपत्रावर, कोणता नंबर नोंदला आहे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ज्या तारखेपासून जॉब कार्डावरचा नंबर बदलतो, त्याच्या आसपास इंजिन बदललं गेलं; तेव्हा मालक कोण होता, हे आरटीओच्या नोंदीत सापडतं. फॉर्म २२, म्हणजे उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र, त्याचीही प्रत मागा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. बदल तुम्ही केलेला नाही, तरी कळल्यापासून चौदा दिवसांच्या आत अर्ज देऊन टाका. तुमचा प्रामाणिकपणा कागदावर येतो. मूळ विक्रीचा करार, पैसे दिल्याचा पुरावा आणि फोटो जोडा, पोच घ्या. कलम ५५(५) खाली नंबर जुळत नसेल तर नोंदणी रद्द होऊ शकते, पण आधी तुमची बाजू ऐकावी लागते. आदेश विरोधात गेला तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करा. नोटीस आल्यावर गप्प राहणं सगळ्यात घातक.

इंजिन कोणत्याही चोरीच्या गाडीचं नसेल आणि ज्या गॅरेजने बसवलं त्याचं बिल मिळालं, तर नोंद होऊन प्रकरण मिटण्यासारखं आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सरची लेखी संमती लागेल. इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस गाडी जप्त करतील, म्हणून त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. विक्रेत्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. जप्त गाडी न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांगितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, सोडवता येते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे की वाहनं ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत.

पैशांसाठी नागपूर जिल्हा ग्राहक आयोग. माल वाहण्यासाठी घेतलेली गाडी म्हणजे व्यावसायिक वापर, असं विक्रेता म्हणेल. पण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः चालवली जाणारी गाडी ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक वापर धरली जात नाही, म्हणून तुम्हीच चालवता हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मुदत दोन वर्षांची आहे. मोबदला, म्हणजे तुम्ही दिलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क लागणार नाही. आधी नोंदणीकृत टपालाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि पूर्ण रक्कम, नोंदणीचा खर्च व धंद्याचं नुकसान मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं; ते नसेल तर नोटिशीत नमूद करा.

तोवर गाडी उभी ठेवा. धंदा थांबतो, हे कळतं. पण फिटनेस, म्हणजे पासिंगचं प्रमाणपत्र, नसेल तर कलम ५६ खाली मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही, आणि अशा अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवू शकते. विमा कंपनीलाही आजच एक पत्र द्या, त्यात दोन्ही इंजिन नंबर लिहा.