हळदीकुंकवाला ३० जणी येणार, आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं थंडगार काय करू?

चैत्रातलं हळदीकुंकू आहे ना, मग सरळ कैरीचं पन्हं करा, आंब्याच्या डाळीसोबत त्याच्याइतकं दुसरं काही शोभत नाही. बाटलीतलं सिरप अजिबात आणू नका, कैऱ्या बाजारात ढीगाने आहेत.

३० जणींना १ किलो कैरी पुरते. राजापुरी मिळाली तर उत्तम, गर भरपूर निघतो. देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघून जातो, नाहीतर घसा खवखवतो. मग अख्ख्याच कैऱ्या कुकरच्या भांड्यात, भांड्यात पाणी न घालता, ३ शिट्ट्या. साल पिवळट होऊन सुरकुतली की झालं. कोमट झाल्यावर साल काढायची आणि कोय हाताने चांगली चोळायची, कोयीलगतचा गर सगळ्यात चवीचा असतो आणि लोक नेमका तोच टाकून देतात. मिक्सरमधून काढून गाळलात की साधारण ६०० ग्रॅम गर मिळेल.

गूळ गराच्या दीडपट, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास, पण गावठी आंबट कैरी असेल तर दुप्पट लागतो, त्यामुळे चाखत चाखतच घाला. गूळ किसून गर कोमट असतानाच मिसळा, पटकन विरघळतो, आणि परत एकदा गाळा कारण गुळात बारीक कचरा असतोच. काळपट गूळ घेतलात तर रंग मातकट येतो. वेलची पूड, चमचाभर गरम पाण्यात भिजवलेलं केशर आणि मीठ, मीठ विसरू नका हं, त्याशिवाय पन्हं नुसतं गोडमिट्ट लागतं. जिरं-पुदिना घालतात ते उत्तरेकडचं आम पन्ना, तेही छान लागतं पण हळदीकुंकवाला मला वेलचीच हवी.

हा गर काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात फ्रीजमध्ये ठेवा, तांब्या-पितळेच्या नको, आंबट पदार्थ त्यात कळकतो. पाणी मात्र आयत्या वेळीच, एक वाटी गराला चार वाट्या माठातलं गार पाणी, ६ लिटर तरी पन्हं होतं आणि दुसऱ्यांदा मागितलं तरी पुरतं. बर्फ पातेल्यात टाकू नका, तासाभरात पाणचट होतं, ज्यांना हवा त्यांच्या ग्लासात घाला. गर तळाशी बसतो म्हणून दर वेळी ढवळून मगच ओता. पाणी न घातलेला गर उरला तर फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतो.