परका ग्राहक आपल्यावर विश्वास का ठेवेल?

प्रश्न : आम्ही लहान मुलांसाठी लाकडी खेळणी बनवतो. आमच्या संकेतस्थळावर परदेशातून अधूनमधून ऑर्डरी येतात, त्यातल्या बऱ्याचशा जर्मनीतून. आता जर्मनी, जपान आणि संयुक्त अरब अमिराती या तिन्ही ठिकाणी एकदम उतरायचा विचार आहे. एका जाहिरात संस्थेने प्रत्येक देशासाठी वेगळे रंग, वेगळी चित्रं आणि तीन भाषांतलं संकेतस्थळ असा प्रस्ताव दिला आहे. खर्च आमच्या आवाक्याच्या काठावर आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तीन देश एकदम नकोत. जिथून लोक न बोलावता तुमच्यापर्यंत आले, तो जर्मनी आधी घ्या. तिथे जम बसला की पुढचं बघू.

रंग आणि चित्रांचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. कुठे पांढरा रंग शोकाचा, कुठे चार हा आकडा अशुभ, अशा याद्या जाहिरात संस्था हौसेने दाखवतात. त्या खोट्या नसतात. पण माझ्या आयुष्याचा मोठा भाग निर्यात-विक्रीत गेला, आणि केवळ रंगापायी सौदा फिसकटलेला मी क्वचितच पाहिला. ग्राहक अडतो तो पैसे भरायच्या पानावर. माल परत करावा लागला तर काय, हे लोक आहेत तरी कोण, या शंका तिथे त्याला गाठतात.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीचं चीनमध्ये काय झालं ते यासाठी समजून घ्यायला हवं. २००३ मध्ये ईबेने तिथली ईचनेट ही याच धंद्यातली आघाडीची कंपनी पूर्ण ताब्यात घेतली. पैसा होता, नाव होतं, तयार ग्राहक होते. त्याच वर्षी अलीबाबा या चिनी कंपनीने ताओबाओ हे खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ सुरू केलं. विक्रेत्यांकडून शुल्क घेतलं नाही, हे एक कारण झालंच. पण त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. खरेदीदाराला विक्रेत्याशी तिथल्या तिथे गप्पा मारता येतील, घासाघीस करता येईल अशी सोय दिली. आणि अलीपे या आपल्या पैसे भरण्याच्या सेवेमार्फत ग्राहकाचे पैसे मध्ये राखून ठेवले. माल हातात पडून तो ठीक असल्याचं ग्राहकाने कळवलं की मगच ते विक्रेत्याला मिळायचे. अनोळखी माणसाकडून न बघता वस्तू घ्यायची भीती त्यांनी ओळखली आणि तिच्यावरच इलाज केला. २००६ च्या अखेरीस ईबेने चीनमधलं आपलं संकेतस्थळ बंद करून कारभार स्थानिक भागीदाराच्या हाती दिला. नुसत्या चांगल्या जाहिरातींनी ही भीती गेली नसती.

तुमच्या जर्मन ग्राहकाची भीती काय असेल? खेळणं बाळाच्या तोंडात जाणार आहे. लाकूड कुठलं, रंग कसला, तपासणी कोणी केली, हे त्याला आधी कळायला हवं. फ्रँकफर्टच्या अँबिएंते प्रदर्शनात आम्ही लाकडी भांडी घेऊन बसायचो. आमच्या माहितीपत्रकावर हसऱ्या कुटुंबाचं सुरेख छायाचित्र होतं. तिथले खरेदीदार ते ओलांडून थेट शेवटच्या पानावर जायचे आणि लाकडाच्या जातीवर, तेलाच्या नावावर बोट ठेवून प्रश्न विचारायचे. पुढे जर्मन आवृत्तीत आम्ही तोच तक्ता पहिल्या पानावर आणला. त्या देशात १९६४ मध्ये स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था वस्तूंच्या तटस्थ चाचण्या करते, आणि दुकानातल्या खोक्यांवर तिचे शेरे मोठ्या अभिमानाने छापलेले असतात. पुरावा मागायची सवय लागलेला ग्राहक आहे हा. म्हणून तुमच्या पानावर ईएन ७१ या खेळण्यांच्या मानकानुसार झालेली चाचणी आणि माल युरोपीय नियमांत बसतो हे सांगणारं सीई चिन्ह ठळक दिसू द्या.

बाकी कामं रुक्ष आहेत, पण करावीच लागतील. जर्मनीत संकेतस्थळावर व्यवसायाचं नाव, पत्ता, संपर्क देणारं 'इम्प्रेसुम' हे पान कायद्यानेच लागतं. ऑनलाइन खरेदीदाराला कारण न देता माल परत करायला १४ दिवस मिळतात. हे आनंदाने आणि मोठ्या अक्षरांत सांगा. आधी माल, मग बिलावर पैसे, ही पद्धत तिथे फार रुळलेली आहे. ती देता आली तर जरूर द्या. किंमत लिहिताना दशांशाला स्वल्पविराम येतो. वेष्टनांसाठी लुसिड या तिथल्या सरकारमान्य नोंदवहीत नाव घालावं लागतं. आणि १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय उत्पादन-सुरक्षा नियमांमुळे युरोपीय संघात तुमच्या वतीने जबाबदार असणारी व्यक्ती किंवा संस्था असावी लागते आणि तिचं नाव वस्तूसोबत द्यावं लागतं. भाषांतरावर पैसे घालवण्याआधी हे एवढं करा.

मजकुराबद्दल एक सावधगिरी. मुलांना उद्देशून 'हे घ्या' किंवा 'आईबाबांकडे मागा' असं थेट सांगणारी जाहिरात युरोपीय संघात २००५ च्या निर्देशाने बंद आहे. स्वीडनने तर त्याच्याही आधीपासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर बंदी घातलेली आहे. पालकांशी बोला. मला हा नियम मनापासून पटतो.

प्रश्न : मी एका कंपनीत आखाती देशांचं विपणन बघते. मुख्यालय म्हणतं, जगभर एकच मोहीम चालवा. इथली स्थानिक टीम म्हणते, सगळंच बदला, स्त्रियांची छायाचित्रंही काढा. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : कल्पना मुख्यालयाची राहू दे, तिचा आकार स्थानिक लोकांना ठरवू दे. कोका-कोलाने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर तिथली प्रचलित नावं छापली. २०१३ मध्ये तीच मोहीम चीनमध्ये नेताना नावांच्या जागी तरुण एकमेकांना हाक मारतात ती टोपणनावं घातली. 'कुणासाठी तरी ही बाटली घ्या' हा गाभा तसाच राहिला.

तुमच्याकडे सगळ्यात आधी बदलायला हवं ते वेळापत्रक. सौदीत २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे. अमिरातीतली सरकारी कार्यालयं २०२२ पासून शनिवार-रविवारवर गेली, शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणजे रविवारी सकाळचा ईमेल रियाधमध्ये कामाच्या टेबलावर वाचला जातो आणि दुबईत अंथरुणात. रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, आणि त्या महिन्यात लोकांचं जागणं, जेवणं, खरेदी सगळं रात्रीकडे वळतं. गेल्या वर्षीचा तक्ता तारखा बदलून पुन्हा वापरणाऱ्या कंपन्या नेमक्या इथेच चुकतात.

छायाचित्रांबद्दल मात्र मी ठाम आहे. इकिया या मूळच्या स्वीडिश फर्निचर कंपनीने सौदी आवृत्तीच्या कॅटलॉगमधून स्त्रियांची चित्रं काढून टाकली होती. २०१२ मध्ये ते उघड झालं, स्वीडनमध्ये संताप उसळला आणि कंपनीला खेद व्यक्त करावा लागला. एका देशासाठी छापलेलं पान आता सगळं जग बघतं, हा व्यवहाराचा भाग झाला. पण तो बाजूला ठेवला तरी, बायकांना चित्रातून पुसणं मला कुठल्याही बाजारासाठी मान्य नाही. तिथल्याच स्त्रियांना घेऊन, त्या राहतात तशा घरात, त्यांना सहज वाटेल त्या पोशाखात नवी छायाचित्रं काढा. खर्च होईल. तो मुख्यालयाकडून मागून घ्या.

प्रश्न : परदेशी बाजारासाठी केलेली जाहिरात तिथल्या लोकांना खटकणार नाही, याची खात्री प्रसिद्धीआधी कशी करावी?

उत्तर : तिथे राहणाऱ्या, तुमच्या पगारावर नसलेल्या चार-पाच जणांना दाखवा आणि त्यांना वेळेचा मोबदला द्या. 'आवडली का?' असं विचारू नका. भिडस्त माणूस हो म्हणतो. 'ही कोणी बनवली असेल असं वाटतं?' असं विचारा. 'आम्हाला न ओळखणाऱ्या कुणीतरी' असं उत्तर आलं की थांबा.

डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन कंपनीची २०१८ मधली चित्रफीत आठवा. चिनी तरुणी चॉपस्टिक्सने पिझ्झा खायची धडपड करते आहे आणि एक आवाज तिला शिकवतो आहे. चीनमध्ये लोक भडकले, शांघायमधला त्यांचा भव्य फॅशन शो ऐन शोच्या दिवशी रद्द झाला आणि तिथल्या मोठ्या विक्री-संकेतस्थळांनी त्यांचा माल काढून टाकला. ती चित्रफीत चिनी प्रेक्षकांसाठीच होती, पण तिच्यात त्यांच्याकडे वरून पाहिलं जात होतं, आणि ते लोकांना क्षणात कळलं.

तेव्हा नुसतं मत घेऊन भागत नाही. तिथल्या एका माणसाला जाहिरात रोखण्याचा अधिकार लेखी द्या, आणि तो त्याने वापरला तर वेळापत्रक पुढे ढकलायची तयारी आधीच ठेवा.