मेनोपॉजसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू केल्या आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) २ वरून ७ वर गेला, थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवावा लागतो का?

होय ओ अक्का, लागू शकतो, बहुतेक त्या गोळ्यांमुळंच झालंय. तोंडातून घेतलेलं इस्ट्रोजेन लिव्हरमध्ये गेलं की थायरॉईड हार्मोनला धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं, मग रक्तात मोकळं हार्मोन कमी पडतं आणि टीएसएच वाढतो, ज्यांची ग्रंथी धड आहे त्यांची ती जास्त बनवून भागवते पण आपलं सगळं थायरॉईडच्या गोळीवरच की. इस्ट्रोजेनच्या पॅच किंवा जेलनं सहसा असं होत नाही, ते डॉक्टरना एकदा विचारून बघा. डोस मात्र मनानं वाढवू नका, जास्त झाला तर छातीत धडधड, हाडं ठिसूळ, नको ते.

डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनीच टेस्ट, आधी करून पैसे कशाला घालवायचे.

आमच्या आईचं खानापूरला वेगळंच निघालं, थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळच्या चहाबरोबरच घ्यायची! मग गोळी उपाशीपोटी, चहा पाऊण तासानं, कॅल्शियम ४ तासांनी असं केलं आणि त्याच डोसवर रिपोर्ट नॉर्मल. आणि हां, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी निदान २ दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो त्यानं.