वय वाढल्यावर त्वचेतील पाणी खरोखरच कमी होते का, आणि ते त्वचेला इजा न करता कसे मोजतात?

आपण विचारले आहे की, हातावर टेकवायच्या एका यंत्राने ७२ वर्षांच्या आईंच्या त्वचेसाठी २८ आणि आपल्यासाठी ४६ हा आकडा दाखवला, तर आईंच्या त्वचेत २८ टक्केच पाणी उरले आहे का. तसे नाही. अशी मोजमापे मी काही वर्षे स्वतः घेतली आहेत आणि या आकड्याला टक्के समजून घाबरून गेलेली माणसे पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा शृंगस्तर हाताच्या पुढच्या भागावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. त्याच्या पृष्ठभागाजवळ पाणी कमी असते आणि खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचता पोहोचता ते सुमारे ७० टक्क्यांवर जाते. १९५२ मध्ये त्वचा-संशोधक अर्विन ब्लँक यांनी दाखवून दिले की, वाळून कडक झालेला हा थर तेलात ठेवला तरी कडकच राहतो, पाणी शोषल्यावर मात्र मऊ पडतो. हे पाणी धरून ठेवण्याचे काम अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट असे पेशींतले जलस्नेही पदार्थ आणि पेशींच्या फटी बुजवणारे सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ करतात. वयानुसार दोन्ही घटतात, त्यामुळे म्हातारपणी नडगीवर पांढरट खवले धरतात आणि खाज सुटते.

मात्र येथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. त्वचेतून बाष्परूपाने बाहेर पडणारे पाणी वृद्धांमध्ये वाढलेले असेल असे वाटते, पण निरोगी वृद्ध त्वचेत ते तरुणांइतकेच, कित्येकदा त्याहून कमी भरते. शिवाय खालच्या अंतस्त्वचेत, म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थरात, पाण्याचा दुष्काळ पडतो असेही सरसकट म्हणता येत नाही. तरुण त्वचेत तेथील पाणी प्रथिने आणि हायलुरॉनिक आम्ल यांना घट्ट बांधलेले असते, तर वर्षानुवर्षे ऊन सोसलेल्या त्वचेत मोकळ्या पाण्याचे प्रमाण वाढलेले आढळते. रामन वर्णपटातून, म्हणजे त्वचेवर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशातील बदलांवरून, बांधलेले आणि मोकळे पाणी वेगवेगळे ओळखता येते, आणि म्हणूनच मला ही पद्धत सर्वांत मोलाची वाटते, जरी तिची उपकरणे महाग असून बहुतांशी प्रयोगशाळांपुरतीच आहेत.

आपण पाहिलेले यंत्र बहुधा विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजणारे असावे. ही क्षमता एखादा पदार्थ किती वाढवतो ते सांगणारा परावैद्युत स्थिरांक पाण्यासाठी ८० च्या आसपास असतो आणि त्वचेतील इतर बहुतेक पदार्थांचा त्याच्या तुलनेत फारच कमी, त्यामुळे थरात पाणी वाढले की धारिता वाढते. यंत्र ती स्वतःच्या मापपट्टीवर, काही यंत्रांत ० ते १२० अशी, दाखवते. म्हणजे २८ हा शृंगस्तराच्या ओलाव्याचा निर्देशांक आहे, अंतस्त्वचेपर्यंत तो पोहोचतच नाही. खोलवरच्या पाण्यासाठी ३०० मेगाहर्ट्झचा विद्युतचुंबकीय संकेत सोडणारी निराळी यंत्रे असतात. ती निवडलेल्या टोकानुसार अर्ध्या ते पाच मिलिमीटरपर्यंतचा अंदाज देतात आणि सुजेच्या तपासणीत उपयोगी पडतात.

आकडा विश्वासार्ह हवा असेल तर आईंना २०-२२ अंश तापमानाच्या खोलीत बाही वर करून वीस-तीस मिनिटे शांत बसू द्या, त्याआधी काही तास हाताला क्रीम किंवा साबण लावू नका, आणि त्याच जागेच्या आसपास तीन-चार वाचने घेऊन सरासरी काढा. घाम फुटला असेल तर आकडा फुगतो आणि टोकाखाली केस आले तर घसरतो. तुलना करायची ती आईंच्याच मागच्या आकड्याशी करावी, आपल्या आकड्याशी नव्हे. आणि शरीरात पाणी कमी पडले आहे का, ही शंका या यंत्राने किंवा कातडी चिमटीत धरून सोडवू नये, कारण या वयात लवचीकता गेल्यामुळे चिमटीची घडी पुरेसे पाणी पिणाऱ्यांचीही उशिरा विरते. त्यासाठी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.