शिंदळ माकुडीची तीन नावं

प्रश्न: शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी पाहिली. जुन्या पुस्तकात तिचं नाव फ्रेरिया इंडिका आहे, रोपवाटिकेतल्या कुंडीवर कॅरालुमा फ्रेरी होतं आणि मोबाइलवरचं ॲप बुसेरोशिया फ्रेरी सांगतं. यातलं खरं कुठलं? आणि ‘इंडिका’ कुठे गेलं? तसंच, फांदी आणून कुंडीत लावली तर जगेल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: तिन्ही नावं रीतसर दिलेली आहेत. वाद आहे तो प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, कुंपण कुठून घालायचं याचा. (नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.)

डाल्झेल हा मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक. जुन्नरच्या डोंगरांत मिळालेल्या या झाडासाठी त्याने 1864 मध्ये एकाच जातीची नवी प्रजाती उभी केली आणि तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. साहेबाची मर्जी राखणं त्यात असेलही, पण त्याच्याकडे सबळ कारण होतं: पानं. माकडशिंगासारखी या गोतावळ्यातली झाडं म्हणजे नुसती मांसल दांडकी. पान आलंच तर खवल्याएवढं, तेही लगेच गळणारं. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात बोटभर लांबीची जाडसर पानं असतात. पाऊस सरला की ती झडतात आणि कड्याच्या भेगेत तेवढी दांडी उरते.

पण भिंग घेऊन फूल पाहा, म्हणजे पानांचा तोरा उतरतो. पाच पाकळ्यांची गर्द किरमिजी चांदणी, तिच्यावर पिवळे वेडेवाकडे ठिपके, कडेला बारीक केस. मधोमध परागकण मोकळे नसतात. मेणचट पिशव्यांच्या जोड्या असतात आणि त्या माशीला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जातात. ही घडण थेट कॅरालुमाच्या गोतातली. (रुईच्या फुलातही अशाच पिशव्या सापडतील, तीही याच कुलातली.) म्हणूनच 1958 मध्ये राउली या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे झाड कॅरालुमात हलवलं. तिथे ‘कॅरालुमा इंडिका’ हे नाव दुसऱ्याच झाडाने आधी अडवलेलं होतं. एका प्रजातीत एका नावाच्या दोन जाती चालत नाहीत, म्हणून ‘इंडिका’ गेलं आणि ‘फ्रेरी’ आलं. गव्हर्नरसाहेब प्रजातीतून पायउतार झाले आणि जातीत येऊन बसले!

पुढे कॅरालुमा ही प्रजाती फारच पसरट वाटू लागली, तिची फाळणी झाली. डीएनएच्या अभ्यासात आपली माकुडी बुसेरोशियाच्या जातींमध्येच मिसळलेली निघाली. दोन्ही प्रजाती एक करायच्या, तर जुनं नाव टिकतं हा नियम. बुसेरोशिया 1834 चं आहे, म्हणजे फ्रेरियापेक्षा तीस वर्षांनी ज्येष्ठ. 2017 मध्ये तर काही अभ्यासकांनी बुसेरोशियासकट हा सगळा गोतावळा सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत, घालायचं सुचवलं. मला ते पटत नाही. इतकी मोठी मोट बांधली की प्रजातीच्या नावावरून झाडाबद्दल काहीच कळेनासं होतं.

माझ्यापुरतं मी बुसेरोशिया फ्रेरी लिहितो. पानं ही एका जातीची लकब झाली, तेवढ्यावर वेगळी चूल मांडता येत नाही. पण जुनं साहित्य शोधायचं तर फ्रेरिया इंडिका याच नावाखाली शोधा, बरीचशी माहिती तिथेच आहे.

आता फांदीचं. जगेल, सहज जगेल, पण कड्यावरची तोडू नका. हे झाड महाराष्ट्राबाहेर नाही आणि इथेही मोजक्याच कड्यांवर आहे. तुम्ही कुंडी पाहिलीत त्या रोपवाटिकेतूनच रोप घ्या. पाण्याचा पटकन निचरा होईल अशी मुरमाड माती घाला. पावसाळ्यानंतर पानं गळाली की मेलं समजून उपटू नका. पाणी तेवढं कमी करा.