ऑर्किडची पानं सुरकुतली : पाणी कमी की जास्त?

प्रश्न : घरातल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुलं गळून आठ महिने झाले, नवा दांडा काही येत नाही. रोज थोडं थोडं पाणी घालते, तरी पानं मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी कमी पडतंय का?

उत्तर : कमी नाही, बहुधा जास्त होतंय. मुळं कुजली की कुंडीत ओल असूनही पाणी पानांपर्यंत चढत नाही. पानं तहानलेली दिसतात, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात.

झाड कुंडीतून काढा आणि एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. निरोगी मूळ टणक लागतं. कुजलेलं पिचतं, साल निसटून हातात नुसता दोरा राहतो. अशी मुळं स्वच्छ, निर्जंतुक कात्रीने कापून टाका. कुंडीबाहेर लोंबणारी टणक मुळं मात्र कापू नका, ती कामाची असतात. रात्रभर भिजवून निथळलेले पाइनच्या सालीचे तुकडे भरून झाड पुन्हा लावा. माती अजिबात नको. या मुळांना हवा लागते. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच, तळाला भोकं असलेली आणि शक्यतो पारदर्शक घ्या.

पारदर्शक अशासाठी, की पाण्याची वेळ मुळांचा रंगच सांगतो. ओली मुळं हिरवी असतात, वाळली की चंदेरी-करडी होतात. करडी झाली की कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या. तिथला कोंब कुजला तर झाड सहसा वाचत नाही.

आता फुलांचं. पानं गर्द हिरवी असतील तर उजेड अपुरा आहे. पूर्वेची खिडकी उत्तम. दांडा फुटायला काही आठवडे तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली लागतं. खत नवी मुळं दिसल्यावरच, तेही पाकिटावरच्या प्रमाणाच्या पावपट.

नवा कोंब दिसला की नीट न्याहाळा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं चपटं, थोडं वाकडं. मुळं सावरण्याआधीच दांडा आला तर मन घट्ट करून तो कापा. जुन्या पानांच्या सुरकुत्या पूर्ण जाणार नाहीत. नवं पान ताठ आलं की झाड सावरलं समजा.