जीएनएम करताना कायमची रात्रपाळी घ्यावी का? माझा अनुभव

ताई, तुमची विचारणा काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. तुम्ही हिंगण्याहून येता, जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या परिचर्येच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात संध्याकाळी रिसेप्शनवर बसता आणि आता तेथील व्यवस्थापकांनी पगार वाढवून कायमची रात्रपाळी देऊ केली आहे. वडिलांचे काम सुटल्यामुळे घरात पैशांची ओढाताण आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आणि ‘हजेरी ८० टक्के भरली की झाले’ असे वर्गातील मैत्रिणींनी तुम्हाला सांगितले आहे. या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकले, कारण याच वाक्याच्या भरवशावर मी २०१७ साली रात्रपाळी पत्करली होती आणि त्याची किंमत पुढे जवळजवळ दोन वर्षे चुकवत होते.

संस्थेची मान्यता, प्रवेशाची कागदपत्रे, शुल्क या गोष्टी तुम्ही पाहिल्या असतीलच, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. मी नियमांची जाणकार नाही. आज एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणारी अधिपरिचारिका आहे आणि जे लिहीत आहे ते माझ्या तुकडीला लागू असलेल्या अभ्यासक्रमावरून लिहीत आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झालेला असल्याने नियम बदलू शकतात. त्यामुळे माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या तुकडीची अभ्यासक्रम-पुस्तिका ग्रंथालयातून मागून स्वतः वाचा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या जीएनएम अभ्यासक्रमात हजेरीच्या दोन वेगवेगळ्या अटी आहेत, आणि बहुतेक मुली त्यांतील एकच लक्षात ठेवतात. पहिली अट परीक्षेला बसण्याची आहे. प्रत्येक विषयात लेखी तासांची ८० टक्के आणि प्रात्यक्षिक तासांची ८० टक्के हजेरी स्वतंत्रपणे भरावी लागते. म्हणजे एका विषयातील जास्तीची हजेरी दुसऱ्या विषयातील तूट भरून काढत नाही. दुसरी अट प्रमाणपत्राची आहे, आणि ती सांगते की प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के पूर्ण झालेले असले पाहिजेत. ८० टक्क्यांवर हॉल तिकीट मिळते, पण उरलेले २० टक्के माफ होत नाहीत. ते तुमच्या नावावर उधार राहतात, मग तुम्ही आजारी होता की घरी लग्न होते, याने काहीही फरक पडत नाही.

माझे असे झाले. दुसऱ्या वर्षी मानसिक आरोग्य परिचर्येच्या प्रात्यक्षिकासाठी आमच्या तुकडीची नेमणूक कोराडी मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालयात लागली होती. मी तेव्हा एका खासगी रुग्णालयात रात्री आठ ते सकाळी आठ अशी अटेंडंट म्हणून कामाला होते, आणि मनोरुग्णालयातली आमची ड्यूटीही सकाळी आठलाच सुरू होत असे. सकाळपाळीची अटेंडंट वेळेवर आली तरी तिला ओव्हर देऊन (रुग्णांची माहिती सोपवून) निघेपर्यंत सव्वाआठ वाजत आणि बस बदलत तेथे पोहोचेपर्यंत नऊ. दोन-तीनदा उशिरा पोहोचल्यावर शिक्षिकांनी त्या दिवसाची हजेरी लावली नाही, तेव्हा मी मनाशी हिशेब केला की ८० टक्क्यांच्या वर आपण आहोत, मग अर्धमेल्या अवस्थेत उशिरा जाण्यापेक्षा सरळ खाडा केलेला बरा. असे करत त्या एका नेमणुकीत माझे नऊ दिवस गेले. पुढे तिसऱ्या वर्षी ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नेमणुकीत आणखी पाच दिवस गेले. प्रत्येक वेळी हॉल तिकीट मिळाले, प्रत्येक वेळी मी उत्तीर्ण झाले, आणि त्यामुळे आपला हिशेब बरोबर आहे अशी माझी खात्रीच पटत गेली.

चूक माझी होती, हे मी मान्य करते. तरीही एका कार्यालयाविषयी लिहिले नाही तर हे उत्तर अपुरे राहील. आमच्या संस्थेच्या कार्यालयात मी तीन वेळा गेले होते आणि माझे काही तास बाकी आहेत का, असे स्पष्ट विचारले होते. हजेरीपट विद्यार्थिनींना दाखवत नाहीत, असे पहिल्यांदा सांगण्यात आले. दुसऱ्यांदा शिक्षिकांना विचारा असे सांगितले, आणि शिक्षिकांनी मला पुन्हा कार्यालयाकडे पाठवले. तिसऱ्यांदा खिडकीपलीकडून ‘होऊन जाते ना जी, काऊन घाबरता?’ एवढेच उत्तर आले. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते, कदाचित त्याला खरोखर तसेच वाटत असावे. पण ज्या कार्यालयाच्या कपाटात माझ्या प्रत्येक तासाची नोंद होती त्याने ते पान उलटून पाहण्याचे पाच मिनिटांचे काम केले नाही, आणि मी त्या तोंडी उत्तरावर विसंबून घरी परतले. एखाद्या कागदावर लिहून विचारावे आणि त्याची पोच घ्यावी, हे तेव्हा मला सुचले नाही. या एका गोष्टीची हळहळ मला आजही वाटते.

२०१८ च्या अखेरीस अंतिम निकाल लागला, बरोबरीच्या मुलींची कागदपत्रे पुढे गेली आणि माझी थांबली. तेव्हा कुठे तो हजेरीपट बाहेर आला आणि चौदा दिवस बाकी असल्याचे मला कळले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पाच दिवस लगेच भरून देता आले, पण मनोरुग्णालयात एकट्या विद्यार्थिनीने हवे तेव्हा जाऊन तास भरता येत नाहीत. तेथे अनेक संस्थांच्या तुकड्या आळीपाळीने येतात आणि आपल्या संस्थेची पाळी येईपर्यंत थांबावे लागते. आमच्या संस्थेची पुढची पाळी पाच महिन्यांनी होती. दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलींबरोबर मी ते नऊ दिवस पूर्ण केले, त्यानंतर कागदपत्रे परीक्षा मंडळाकडे गेली, प्रमाणपत्र आले आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली. मैत्रिणींच्या नोंदणीनंतर आठ महिन्यांनी माझी नोंदणी झाली. त्या आठ महिन्यांत सरकारी भरतीची एक जाहिरात येऊन गेली, आणि अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत परिषदेची नोंदणी असणे ही तिची अट होती.

याहूनही मोठे नुकसान नंतर ध्यानात आले. मिहानमधील आपल्या एम्ससह देशातील एम्स संस्थांसाठी नर्सिंग ऑफिसर पदाची जी नॉरसेट परीक्षा होते, तिला जीएनएम झालेल्या उमेदवारासाठी पात्रता मिळवल्यानंतरचा, किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. येथे ‘मिळवल्यानंतरचा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. विद्यार्थिदशेत मी रात्रीमागून रात्री जे काम केले त्यातला एक दिवसही या अनुभवात धरला जात नाही, आणि माझी दोन वर्षे मोजायला आठ महिने उशिरा सुरुवात झाली. तुमचे व्यवस्थापक ‘अनुभव पदरात पडेल’ असे म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. शिकण्यासारखे काही मिळेल हे खरे, पण अर्जात दाखवता येईल असा अनुभव त्यातून मिळणार नाही, हे समजूनच निर्णय घ्या.

आता माझे स्पष्ट मत सांगते, आणि ते केवळ माझे मत आहे. जीएनएमच्या तिन्ही वर्षांत कायमची रात्रपाळी घेऊ नये. घरची गरज खोटी असते असे मी म्हणत नाही. मला रात्रपाळीचे महिन्याला सात हजार रुपये मिळत आणि त्यांतूनच माझे शुल्क भरले जात होते. पण झोप न झालेल्या मुलीच्या हाती रुग्ण असतो, हेही विसरून चालणार नाही. एका सकाळी मी शेजारच्या खाटेवरील बाईंचा रक्तदाब भलत्याच रुग्णाच्या तक्त्यावर लिहिला होता. इन्चार्ज सिस्टरांच्या लक्षात आले म्हणून पुढचे टळले. नाहीतर त्या आकड्यावरून रुग्णाचे औषध बदलले गेले असते. सिस्टर मला रागावल्या नाहीत, फक्त ‘काल रात्री किती वेळ झोपलीस?’ असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

तुम्ही आज करता ती संध्याकाळची पाळी टिकवता आली तर तीच टिकवा. धंतोली आणि रामदासपेठेत संध्याकाळच्या ओपीडी भरपूर आहेत आणि साधारण पाच ते नऊ या वेळेत त्यांना रिसेप्शनवर माणूस लागतोच. एका ठिकाणचे पैसे पुरत नसतील तर रविवारी दिवसा घरगुती रुग्णसेवेचे काम मिळते, आणि रात्र करणे अगदीच भाग पडले तर फक्त शनिवारची करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप मिळते. आमच्या वेळी मेट्रो सुरू झालेली नव्हती. आता लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत बसून येता येते आणि त्या वेळात एखादा धडा वाचून होतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. रात्रपाळीला विद्यार्थिनी असली की काही ठिकाणी तिला हळूहळू स्टाफची कामे सांगितली जातात. आधी सलाइनची बाटली बदल म्हणतात, मग इंजेक्शन दे म्हणतात, आणि सही मात्र दुसऱ्याच कुणाची होते. परिषदेची नोंदणी होईपर्यंत आपण नोंदणीकृत परिचारिका नसतो. महाविद्यालयाच्या नेमणुकीत शिक्षिकेच्या देखरेखीखाली जे करायची मुभा असते, ती नोकरीच्या ठिकाणी नसते. रुग्णाला काही झाले तर वाचवायला कुणी पुढे येणार नाही, म्हणून नम्रपणे पण पहिल्याच दिवशी नकार द्या. मूळ गुणपत्रिका व दाखले कुणी ‘ठेवून घेतो’ म्हणाले तर छायांकित प्रतीच द्या. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा (पहिली, एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी) पूर्ण झाल्या नसतील तर त्या घेऊन टाका. आणि कधी सुई टोचलीच तर लाजून लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा, कारण एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर ७२ तासांच्या आत, सुरू कराव्या लागतात.

पैशांच्या बाबतीत, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज तुम्ही भरला आहे की नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळले नाही. तो दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून राहते. माझा पहिल्या वर्षीचा हप्ता केवळ त्यापायी रखडला होता. हजेरीचा प्रश्न शिष्यवृत्तीतही येतोच, त्यामुळे रात्रपाळीने वाढणारा पगार आणि त्यापायी बुडू शकणारी शिष्यवृत्ती हे दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाहा. मी तसे केले असते तर नोकरीतून हाती उरलेली रक्कम मला वाटत होती त्याहून बरीच कमी दिसली असती.

आजपासून एक वही घाला. प्रत्येक नेमणुकीचे नाव, वॉर्ड, दिनांक, आलेली वेळ व गेलेली वेळ लिहा, आणि दर आठवड्याच्या शेवटी त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांची सही घ्या. बहुतेक सिस्टर आनंदाने सही करतात. एखादा दिवस बुडालाच तर तो वर्षाच्या अखेरीपर्यंत लांबवू नका. तुकडी त्या रुग्णालयात असेपर्यंतच, सुट्टीच्या दिवशी किंवा दुपारपाळीला भरून देण्याची परवानगी शिक्षिकांकडे मागा. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांसारख्या ठिकाणी तुकड्या वर्षभर जात असतात, तेथील तूट त्या मानाने लवकर निघते. मनोरुग्णालयाची नेमणूक मात्र एकदा हातची गेली की गेली, आणि तुमचे दुसरे वर्ष असल्याने ती बहुधा अजून यायची आहे.

व्यवस्थापकांना काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. त्यांना सोमवारी सांगा की संध्याकाळची पाळी मी पूर्ण जबाबदारीने करीन, शनिवारची एक रात्रही करीन, पण क्लिनिकल नेमणूक चालू असताना इतर रात्री करू शकणार नाही. त्यांना माणूस हवा असेल तर ते ऐकतील. नाही ऐकले तर त्याच रस्त्यावर दुसरी ओपीडी सापडेल. त्याच दिवशी महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या नावे एक छोटा अर्ज द्या: ‘माझ्या प्रथम वर्षाच्या व द्वितीय वर्षाच्या आजपर्यंतच्या प्रात्यक्षिक तासांची विषयवार पूर्तता व शिल्लक कृपया लेखी कळवावी.’ अर्जाच्या दोन प्रती काढा, एक खिडकीत द्या आणि दुसरीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.